सिनेमा बघून वर्ग रडला, पुढे काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला शिकवते. बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर आणि आई घरी विड्या वळणारी. घरात पैशांची ओढाताण, भांडणं, कुठे कुठे दारू. मुलांवर त्याचा ताण दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा ‘संस्कारक्षम’ चित्रपट दाखवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलं. पहिल्या वेळी आईच्या त्यागावरचा एक सिनेमा सलग दाखवला. निम्मा वर्ग रडला, मला वाटलं पोचलं. आठवड्याभरात पुन्हा तेच: घरी उलट उत्तरं, वर्गात मारामाऱ्या. एक मुलगी तर सिनेमा चालू असताना उठून बाहेर गेली आणि चार दिवस शाळेत आली नाही. एका पालकांनी येऊन विचारलं, “शाळेत पिक्चर दाखवता का?” मुख्याध्यापक म्हणतात, शेवटी बोध नीट सांगितला नाही म्हणून असं झालं. माझी निवड चुकली का? कोणते सिनेमे दाखवू? की हे बंदच करू?

नमस्कार बाई,

बंद करू नका. सिनेमाचा उपयोग होईल, पण आत्ता त्याच्याकडून जे काम करून घ्यायचा प्रयत्न चाललाय ते त्याच्याने होणारं नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. तुमच्या पत्रात सिनेमाबद्दल बरंच काही आहे आणि उठून गेलेल्या मुलीबद्दल जेमतेम दोन ओळी. म्हणून आधी तिच्याबद्दल.

ती का गेली ते आपल्याला माहीत नाही. आई नसेल, घर सोडून गेली असेल, आजारी असेल, किंवा यातलं काहीच नसेल. अंदाज बांधू नका, तिच्या मैत्रिणींकडून काढूनही घेऊ नका. मधल्या सुट्टीत, बोलणं इतरांच्या कानावर जाणार नाही पण दोघी सगळ्यांना दिसाल अशा जागी, तिला एवढंच सांगा: “सिनेमा कशावर आहे ते आधी सांगायचं राहिलं. यापुढे सांगेन. नको वाटला तर तू वाचनालयात बसू शकतेस, कारण सांगावं लागणार नाही.” ‘का गेलीस’ हे विचारू नका. बोलली तर ऐका. नाही बोलली तर दोन-तीन आठवडे लक्ष असू द्या: डबा खाते का, वही लिहिते का, मैत्रिणींत मिसळते का. गैरहजेरी वाढली किंवा ‘जगूनच काय करायचं’ असं काही तिच्या तोंडून आलं, तर वाट बघू नका. तिला एकटं न सोडता मुख्याध्यापकांना आणि घरच्या विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलीशी कसं बोलावं हे विचारायला तुम्ही स्वतःही तिथे फोन करू शकता.

आता तुमचा प्रश्न. निम्मा वर्ग रडला म्हणून पोचलं, असं तुम्हाला वाटलं. हा समज जवळजवळ सगळ्या शाळांत असतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सिनेमात रडू आणण्यासाठी संगीत असतं, चेहऱ्याजवळ आलेला कॅमेरा असतो, अंधार असतो. मूल रडतं ते पडद्यावरच्या आईसाठी. ती आई कधी ओरडत नाही, थकली तरी हसते. घरची आई हजार विड्या पुऱ्या झाल्या नाहीत तर मजुरी तुटते म्हणून ओरडते, पाठ धरलेली असते म्हणून ओरडते. दोन्ही आया शेजारी ठेवल्या की मुलाच्या मनात दोनच गोष्टी उरतात. एक, ‘माझी आई अशी नाही.’ दोन, ‘मी वाईट मुलगा आहे.’ पहिलीतून राग येतो, दुसरीतून अपराधी वाटतं. पुढच्या भांडणात तोंडातून काय काढायचं, हे त्याला दोन्हींतून कळत नाही. म्हणून आठवड्यात सगळं जिथल्या तिथे आलं.

बोध सांगून हे सुधारणार नाही. ‘आईवडिलांचा आदर करावा’ हे उत्तर मुलांना पहिलीपासून पाठ आहे. ‘यातून काय शिकलात?’ असं विचारलं की ती तेच देतात आणि आपण खूश होतो. बोध सांगितला की बोलणं संपतं, आणि तुम्हाला तर ते सुरू करायचंय.

पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. घरातला ताण कमी व्हायचा तर मुलांनी सुधारायला हवं, असा त्याचा सूर आहे. मागाला काम नसेल, हप्ता थकला असेल, वडील पिऊन येत असतील, तर ते चौदा वर्षांच्या मुलाच्या सुधारण्याने थांबत नाही. घरात शांतता ठेवण्याचं ओझं त्याच्या डोक्यावर देऊ नका. त्याला तीन गोष्टी देता येतील: समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायची सवय, स्वतःला काय वाटतंय त्यासाठी शब्द, आणि मदत कुठे मागायची याची माहिती.

या तिन्हींसाठी सिनेमा उपयोगी पडतो, कारण वर्गात एक तिसरा माणूस येऊन बसतो. ‘तुझ्या घरी भांडण झालं की तू काय करतोस?’ या प्रश्नावर मूल गप्प बसेल किंवा खोटं बोलेल. ‘या मुलाने आईपासून हे का लपवलं असेल?’ यावर तेच मूल पंधरा मिनिटं बोलेल, आणि त्यातलं बरंचसं स्वतःबद्दल असेल. ते स्वतःबद्दल आहे हे तुम्ही ओळखायचं, बोलून मात्र दाखवायचं नाही.

निवडीची पहिली कसोटी अशी: ज्यात कुणीच खलनायक नाही असा सिनेमा घ्या. दोन माणसं, दोघांचंही काही अंशी बरोबर, आणि तरी भांडण, असा प्रसंग हवा. सासू दुष्ट, सून गरीब असं असलं की मुलांना ठरवायला काही उरत नाही. दुसरी कसोटी म्हणजे मोठ्या माणसांचा ताण पडद्यावर दिसायला हवा, त्याचं कारणही दिसायला हवं. तिसरी, तुम्ही स्वतः तो आधी दोनदा बघितलेला असावा, दुसऱ्यांदा हातात घड्याळ आणि वही घेऊन. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघा. ‘यू’ सगळ्यांसाठी, ‘यूए’ मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचं; ‘यूए’चे आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत; आठवी-नववीला ‘यू’ किंवा १३+ पर्यंतच थांबा.

तुमच्या वर्गासाठी सुरुवात ‘एलिझाबेथ एकादशी’ने करा. २०१४चा, परेश मोकाशींचा, आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात घडणारा. वडील नाहीत. आई विणकामाच्या यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकल्याने यंत्र जप्त होतं, आणि पैसे उभे करायला ती मुलाची जीव की प्राण असलेली सायकल विकायचं ठरवते. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण, आईला कळू न देता, एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. विडी-यंत्रमागाच्या घरातल्या मुलाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. आई कठोर वाटते, पण का, ते दिसतं. मुलांचं आईवर प्रेम आहे आणि तरी ती खोटं बोलतात.

सगळा सिनेमा दाखवू नका. शनिवारी सलग दोन तासिका मागून घ्या, म्हणजे ऐंशी मिनिटं. त्यात सिनेमा अठरा मिनिटांपेक्षा जास्त नको. पूर्ण सिनेमा दाखवला की घंटा होते, मुलं उठतात आणि बोलणं राहून जातं. शाळांमध्ये सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथेच. दोन तुकडे घ्या, आठ-नऊ मिनिटांचे. पहिला सायकल विकायचं ठरतं तो, दुसरा मुलं दुकान मांडायचं ठरवतात तो. दुसरा तुकडा प्रश्न सुटायच्या आत थांबवा. ‘पुढे काय झालं ते सांगा ना बाई’ असा ओरडा होईल, होऊ द्या. शेवट कळला की मुलं तोच बरोबर उत्तर म्हणून धरून बसतात. पूर्ण सिनेमा दिवाळीच्या सुट्टीआधी सलग दाखवता येईल.

सुरुवातीला पाच मिनिटांत विषय सांगा आणि नियम सांगा. नियम एकच: आपण पडद्यावरच्या घराबद्दल बोलायचं, कुणाच्याही खऱ्या घराबद्दल नाही, स्वतःच्याही नाही. हा नियम मोडायला मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त उत्सुक असतात. ‘तुझी आई पण अशीच राबते ना?’ हे वाक्य तुमच्या तोंडून चुकूनही जाऊ देऊ नका.

पहिली फेरी आठ मिनिटांची: फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं. ‘आई चिडली’ हे उत्तर चालणार नाही. कशावरून कळलं ते सांगायचं. आवाज चढला, मान फिरवली, बोलता बोलता थांबली. हे क्षुल्लक वाटेल, पण घरी मूल ‘भांडं जोरात ठेवलं’ इथून थेट ‘माझ्यावर राग आहे’ इथे उडी मारतं. मधली पायरी दिसायला लागली की ‘आई दमली असेल का?’ हा विचार मनात यायला जागा होते. ही फेरी वगळून भावनांवर उडी घेतली की मुलं पाठ केलेले शब्द बोलतात.

दुसरी फेरी बारा मिनिटांची. अर्धा वर्ग आईच्या जागी, अर्धा ज्ञानेशच्या. प्रत्येकाने ‘मला भीती वाटते की...’ असं एक वाक्य पुरं करायचं. मग बाजू बदलायच्या. बाजू बदलताना कुरकूर होते, विशेषतः मुलगे आईच्या जागी बसायला लाजतात. रेटू नका, चिठ्ठीवर लिहू द्या. पण बाजू बदलणं सोडू नका. आपलं म्हणणं मांडणं सगळ्यांना येतं, दुसऱ्याच्या जागी बसून बोलणं शिकवावंच लागतं.

तिसरी फेरी पंधरा मिनिटांची, आणि हीच मुख्य. ‘सायकल विकायची आहे’ हे आईने मुलाला आणखी कोणत्या प्रकारे सांगितलं असतं? मुलांनी दुकानाचं आईला आधी सांगितलं असतं, तर पहिलं वाक्य काय असतं? दोघादोघांच्या तीन जोड्या पुढे बोलवा आणि प्रत्येकीला दोन मिनिटं करून दाखवू द्या. पहिली जोडी हसण्यावारी नेते, तिला रागावू नका. तिसऱ्या जोडीपर्यंत वर्ग शांत होतो. खेळ संपला की प्रत्येकाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगून जागेवर जायचं. हे टाळू नका, कारण एखाद्या खेळात दारुड्या बापाची भूमिका केलेल्या मुलाला पुढचे आठ दिवस वर्ग ‘ए बेवड्या’ म्हणून हाक मारतो.

शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची. पानावर उभी रेघ मारायची. एका बाजूला ‘ज्ञानेशच्या हातात आहे’, दुसऱ्या बाजूला ‘हातात नाही’. कर्ज हातात नाही. आईला किती वाजता विचारायचं ते आहे. ती घरी आल्या आल्या विचारायचं की जेवण झाल्यावर, हे मुलांना फार चांगलं कळतं. ही रेघ मारणं म्हणजेच ताण हाताळण्याच्या शिक्षणाचा गाभा. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हाच फरक मांडला होता: काही ताणांत अडचणीवर काम करायचं असतं, काहींत स्वतःच्या मनावर. शाळेत या दोहोंची गल्लत होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकलेल्या मुलाला डोळे मिटून श्वास घ्यायला सांगतात. त्याला श्वास नको, दाखला हवाय. आणि आजीच्या आजाराने हादरलेल्या मुलीला ‘काहीतरी मार्ग काढ’ म्हणतात, जिथे तिच्यापुरता मार्गच नसतो. तिला कुणीतरी जवळ बसायला हवं असतं.

श्वासाचा व्यायाम दोन मिनिटं शेवटी घ्या: चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत हळू बाहेर, मधे रोखायचा नाही. डोळे मिटायची सक्ती नको, काही मुलांना मिटल्यावर भीती वाटते. समोरच्या भिंतीवर एक ठिपका बघितला तरी चालतं. दमा असलेल्या मुलाला मोजणी जमत नसेल तर आपल्या गतीने करू द्या. परीक्षेआधी पहिल्यांदाच करून बघण्यात अर्थ नाही. रोज प्रार्थनेनंतर दोन मिनिटं केलं तरच वेळेला आठवतं.

दुसऱ्या शनिवारी ऐकून कसं घ्यायचं ते शिकवा. त्यासाठी ‘इनसाइड आउट’ या २०१५च्या ॲनिमेशनपटातला एकच प्रसंग पुरतो, दोनेक मिनिटांचा. रायली नावाच्या मुलीच्या मनात आनंद, दुःख, भीती, राग आणि किळस अशी पात्रं आहेत. तिच्या लहानपणीच्या काल्पनिक मित्राची लाडकी गाडी नाहीशी होते. ‘आनंद’ त्याला हसवायला बघते, पुढे चल म्हणते, तो हलत नाही. ‘दुःख’ शेजारी बसते, त्याचं काय गेलं ते ऐकते, त्याला रडू देते. तो उठून चालायला लागतो. आधी आवाज बंद करून दाखवा. कोण कुठे बसलं, कुणाचं तोंड कुणाकडे होतं ते विचारा. मग आवाजासकट. इंग्रजी कळलं नाही तरी या प्रसंगाचं फारसं अडत नाही. नंतर जोड्या करा: एकाने हरवलेल्या छोट्या वस्तूबद्दल दोन मिनिटं सांगायचं, कंपास, चेंडू, पेन; घरचं काही नाही. दुसऱ्याने ऐकायचं. ‘जाऊ दे ना’, ‘त्यात काय एवढं’, ‘माझं तर त्याहून जास्त’ आणि ‘टेन्शन नको घेऊस’ ही चार वाक्यं त्या दोन मिनिटांपुरती बंद. ती सोडून काय बोलायचं हे मोठ्यांनाही पटकन सुचत नाही. ‘मग?’ आणि ‘किती वाईट वाटलं असेल’ एवढ्याने भागतं, हे मुलांना करून बघितल्यावरच पटतं.

तिसऱ्या शनिवारसाठी ‘किल्ला’. अविनाश अरुण यांचा हा सिनेमा २०१५ साली पडद्यावर आला. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा मुलगा. नवी शाळा, नवे मित्र, आणि स्वतःच्या दुःखात आणि कचेरीच्या ओझ्यात अडकलेली आई. यात बोलणं कमी आहे. त्यामुळे दोन माणसं एकाच घरात, एकाच दुःखात, वेगवेगळी कशी राहतात हे दाखवायला तो चांगला. वडील नसलेलं मूल वर्गात असेल तर त्याला आणि त्याच्या घरी आधी सांगा.

कोणताही सिनेमा घ्या, एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: सिनेमा संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या घरात काय झालं असेल? पडद्यावर बाप एका भाषणाने बदलतो, मिठी मारतो, गाणं वाजतं. घरोघरी असं होत नाही. मग ‘माझ्याच घरात काही बिघाड आहे’ असं मुलाला वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरायचं असतं, हप्ता उरलेलाच असतो, आणि बाप कदाचित पुन्हा चिडतो. तरी काल एक वाक्य वेगळं बोललं गेलं, त्याला किंमत आहे. ही चर्चा सगळ्यांत खरी होते, तिला घाईत उरकू नका.

काही सिनेमे चांगले असून वर्गासाठी नाहीत. ‘छिछोरे’ अपयशाबद्दल मनापासून बोलतो, म्हणून शाळांना तो दाखवावासा वाटतो. पण त्याची सुरुवातच प्रवेश परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने होते. पडद्यावरची आत्महत्या आधीच खचलेल्या मुलाला धोक्याची ठरू शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट करणाऱ्यांसाठी मुद्दाम सूचना काढल्या. समुपदेशक सोबत नसेल तर हा विषय वर्गात पडद्यावर आणू नका. ‘कासव’ही मुलांना नको, पण तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी जरूर बघावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या सिनेमात नैराश्यातल्या तरुणाजवळ माणसं प्रश्न न विचारता कशी थांबतात, ते शिकण्यासारखं आहे. याच दोघांच्या ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या पालकांसाठी तो घ्या.

इतकी काळजी घेऊनही कधीतरी एखादं मूल बोलून जाईल: “माझे पप्पा पण पिऊन मारतात.” वर्ग स्तब्ध होतो, सगळ्यांचे डोळे तुमच्यावर. तेव्हा पुढे काही विचारू नका, विषयही झटकू नका. “सांगितलंस ते बरं केलंस, आपण दोघं नंतर बोलू,” एवढं म्हणून पुढच्या मुलाकडे वळा, आणि त्याच दिवशी खरंच बोला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मारहाण होत असेल तर आधी मारणाऱ्याला शाळेत बोलावून जाब विचारू नका. संध्याकाळी त्याचा राग मुलावरच निघतो. मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर बोला. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेने आपसात मिटवायचं नाही. पहिल्या शनिवारच्या आधीच मुख्याध्यापकांशी बसून कुणी काय करायचं ते ठरवून ठेवा.

‘शाळेत पिक्चर दाखवता का?’ विचारणाऱ्या पालकांचा राग रास्त आहे, त्यांना काही माहीतच नव्हतं. आठवडाभर आधी चार ओळींची चिठ्ठी घरी जाऊ द्या: सिनेमाचं नाव, प्रमाणपत्र, किती मिनिटं, कशावर चर्चा, आणि ‘नको असल्यास कळवा, बसून बघायचं असल्यास या’. येणारे थोडेच असतात, पण बोलावल्याने फरक पडतो.

पालकांसाठी वेगळं सत्र ठेवता आलं तर फार उत्तम, आणि त्यासाठी ‘श्वास’. २००४चा, संदीप सावंत यांचा. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात आणतात, निदान कर्करोगाचं. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. मुलाला हे सांगायचं की नाही, कुणी सांगायचं, कसं? डॉक्टर आणि आजोबांमधला हा भाग बारा मिनिटं दाखवा आणि पालकांना एकच विचारा: घरातली वाईट बातमी मुलांपासून लपवली की मुलं काय समजून घेतात? माग बंद आहे, कर्ज आहे, आईचं ऑपरेशन आहे. मुलाला काहीतरी बिनसलंय ते कळतंच, आणि कारण माहीत नसल्याने ते स्वतःलाच दोषी धरतं. ‘पैशांची अडचण आहे, आम्ही दोघं बघतोय, तुझी चूक नाही’ इतकं सांगणं पुरतं. आकडे सांगायची गरज नाही. घरच्या डोळ्यांच्या किंवा कर्करोगाच्या आजारपणातून जाणाऱ्या पालकांना मात्र सिनेमा कशावर आहे याची आधी कल्पना द्या. वेळ ठरवताना आयांना विचारा. विड्या कारखान्यात देऊन येण्याची वेळ आणि मागाच्या पाळ्या टाळल्या नाहीत तर खुर्च्या रिकाम्या राहतात. पाऊण तासात संपवा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आयांना प्रसंग दोन वाक्यांत त्यांच्या भाषेत सांगायला एखादी सहकारी किंवा मोठी विद्यार्थिनी ठेवा, आणि चर्चा त्यांच्या भाषेत होऊ द्या. हे वर्गातल्या मुलांनाही लागू आहे. राग आणि दुःख माणूस घरच्या भाषेत बोलतो.

कायद्याचंही बघून ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेला मुभा देतं: शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोकांपुरते असतील तर. गल्लीतल्या मंडळासमोर तोच सिनेमा लावायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. मोबाइलवर कुणी पाठवलेली चोरीची प्रत चालवू नका. ओटीटीचं घरगुती खातं बहुधा वैयक्तिक वापरापुरतं असतं, तेव्हा अधिकृत डीव्हीडी घ्या किंवा निर्मात्यांकडे शाळेच्या वापरासाठी विचारणा करा.

चित्रापेक्षा आवाजाची तयारी जास्त करा. शेजारच्या गल्लीत माग चालू असले आणि डोक्यावर पंखा फिरत असला की लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. मागची मुलं मग दंगा करतात आणि आपण त्यांना बेशिस्त ठरवतो. दोन छोटे स्पीकर वर्गाच्या मध्यावर, बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीला ठेवा. उपशीर्षकं असतील तर लावा. प्रत्येक तुकडा कोणत्या मिनिटाला सुरू होतो आणि कुठे थांबतो ते कागदावर लिहून ठेवा, पुढे-मागे करत बसलात की वर्ग हातातून जातो. लॅपटॉप पूर्ण चार्ज हवा. वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं एका वेळी नकोत. वर्ग साठचा असेल तर तीन गट करा, नाहीतर बोलणारी पाचच बोलतात.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, तीन शनिवार मागा. बोध सांगायची त्यांची इच्छा असेल तर शेवटी त्यांना वर्गात बोलवा आणि मुलांनी लिहिलेल्या ‘हातात आहे’च्या याद्या, नावं झाकून, त्यांना वाचायला द्या. उपयोग झाला का ते रडण्यावरून मोजू नका. पहिल्या शनिवारी आणि तिसऱ्या शनिवारी तोच प्रश्न विचारा: ‘घरात कुणी ओरडलं तर त्यामागे काय काय कारणं असू शकतात?’ पहिल्यांदा ‘राग’ एवढं एकच लिहिणाऱ्या मुलाने पुढच्या वेळी ‘दमले असतील, कुणी पैसे मागितले असतील, भीती वाटत असेल’ असं लिहिलं, तर काम होतंय. मात्र ‘माझ्यावर हात उचलतात’ यालाही ते ‘दमले असतील’ म्हणायला लागले तर तिथे थांबा आणि स्पष्ट सांगा: कारण समजणं वेगळं, मार खाऊन घेणं वेगळं, मारणं कोणत्याही कारणाने बरोबर नाही.

आणि वेळापत्रक आत्ताच आखून घ्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, फेब्रुवारीपासून परीक्षेची घाई, आणि मार्चनंतर आपल्याकडे पडदे ओढलेल्या बंद खोलीत मुलांना बसवणं म्हणजे उकाड्याने हाल. जुलै ते डिसेंबर हाच काळ धरा, आणि सकाळच्या पहिल्या दोन तासिका मागा.